मोबाईलवरचा टी-शर्ट आणि अंगावरची खाज

मध्यंतरी दवाखान्यात एक तरुण आला. वय वीस-एकवीस, पोलीस भरतीची तयारी करणारा. पहाटे साडेचारला उठून रोज सात-आठ किलोमीटर पळतो. तक्रार खाजेची. काखेच्या कडेला, कमरेला, पाठीवर गोल गोल चट्टे. खाजवून कातडी काळी पडलेली. अंगात गडद निळा, घट्ट, चकचकीत टी-शर्ट.

"हा टी-शर्ट कधी घेतलास?" मी विचारले.

"दोन महिने झाले, डॉक्टरसाहेब. मोबाईलवरून मागवला. चारशेला तीन भेटले. कॉटन लिहिलं होतं त्याच्यावर."

सोबत त्याची आई होती. ती म्हणाली, "साहेब, मलाबी मांडीला तसंच उठलंय. त्यानं मेडिकलवरून ट्यूब आणली, ती आम्ही दोघंबी लावतो. लावली की जातंय, सोडली की दुप्पट येतंय."

मी टी-शर्ट उलटा करून आतली पट्टी पाहिली. त्यावर कापडाचे नावच नव्हते. एका बाजूला कापूस पिकवणारा आपला गेवराई तालुका, आणि त्याच तालुक्यातला पोरगा कापूस समजून प्लॅस्टिकचा धागा अंगावर घालून धावतो आहे. त्या दिवशीच ठरवले, की यावेळी टी-शर्टविषयी लिहायचे.

डॉक्टरने कपड्यांविषयी का लिहावे, असे काही वाचकांना वाटेल. अन्न पोटात जाते म्हणून आपण ते पारखून घेतो. कापडही दिवसाचे बारा-चौदा तास कातडीला चिकटून असते. पूर्वी बाजारात गेलो की दुकानदार ठाण उलगडायचा, आपण बोटांत चुरगाळून पाहायचो, उजेडात धरायचो, मग भाव करायचो. आता फोटो पाहून बोट दाबतो आणि चार दिवसांनी पार्सल दारात येते. सोय झाली हे खरे. पण हाताने पारखण्याची आपली जुनी सवय या व्यवहारात सुटली, आणि तिच्या जागी नवी सवय अजून आलेली नाही.

कापड आणि कातडी

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी शरीर थंड ठेवण्याचे मुख्य साधन म्हणजे घाम. पण घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. जो घाम ओघळून खाली पडतो तो शरीराला थंड करीत नाही, फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. म्हणून अंगावरचे कापड हवा खेळू देणारे आणि घाम वाळू देणारे हवे.

कापसाचा धागा पाणी आत ओढतो. साधारण हवेत तो स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिस्टरचा धागा अर्धा टक्कासुद्धा धरीत नाही. पॉलिस्टर म्हणजे पेट्रोलियमपासून बनवलेला धागा. जुन्या मंडळींना टेरिलिन आणि टेरिकॉट ही नावे आठवत असतील. टेरिलिन म्हणजे पॉलिस्टरच, आणि टेरिकॉट म्हणजे पॉलिस्टर व कापूस यांचे मिश्रण. नावे बदलली, वस्तू तीच आहे.

पॉलिस्टर म्हणजे विष, असे मात्र कोणी समजू नये. खेळाडूंसाठी बारीक जाळीचे, सैल विणीचे चांगले पॉलिस्टर कापड मिळते. ते घाम पसरवते आणि लवकर वाळते. उलट भरपूर घाम येणाऱ्या कामात जाड सुती कापड ओले होऊन तासन् तास अंगाला चिकटून राहते, तेही वाईटच. त्रास होतो तो दाट विणीच्या, घट्ट मापाच्या, हलक्या प्रतीच्या पॉलिस्टरने. त्यातून हवा जात नाही, घाम जिरत नाही, आणि काख, कंबर, पाठ दिवसभर दमट राहते.

वासाचीही गोष्ट आहे. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली २६ निरोगी माणसांना व्यायाम करायला लावून त्यांचे घामाचे टी-शर्ट तपासले. पॉलिस्टरच्या टी-शर्टांना सुती टी-शर्टांपेक्षा अधिक घाण वास येत होता, आणि वास निर्माण करणारे काही जंतू पॉलिस्टरवर अधिक वाढलेले आढळले. "साहेब, रोज आंघोळ करतो तरी अंगाला वास येतो," अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मुलांना मी आता आधी टी-शर्टाचे कापड विचारतो.

आणखी एक धोका चुलीपाशी काम करणाऱ्यांना आहे. पॉलिस्टर सुमारे २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते. पेट घेतल्यावर ते वितळून कातडीला चिकटते आणि जखम खोल होते. सुती कापडही चटकन पेटते, त्यामुळे सुती घातले म्हणजे निर्धास्त असे नाही. पण वितळून चिकटण्याचा प्रकार त्यात होत नाही. मिश्र कापडात दोन्ही दोष एकत्र येतात. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि कोपीसमोर उघड्या चुलीवर स्वयंपाक करतात. त्या माउल्यांनी आणि चुलीभोवती खेळणाऱ्या लेकरांनी स्वयंपाकाच्या वेळी तरी चकचकीत, लोंबते कपडे घालू नयेत.

खाज सारखी, कारणे वेगळी

नवा कपडा घातल्यावर खाज सुटली तर तिची मुख्यतः तीन कारणे असतात. उपचारही तीन वेगळे.

पहिले घामोळे. घामाच्या ग्रंथींची तोंडे बुजतात, बारीक लाल पुरळ येते आणि टोचल्यासारखे होते. सैल सुती कपडा, दोन वेळा साध्या पाण्याची आंघोळ आणि हवेशीर जागा, एवढ्याने बहुधा चार-सहा दिवसांत ते बसते.

दुसरी कपड्याच्या रंगाची किंवा रसायनाची अ‍ॅलर्जी. पॉलिस्टर रंगवायला 'डिस्पर्स' जातीचे रंग वापरतात. त्यातले काही रंग, विशेषतः गडद निळ्या छटांसाठी वापरले जाणारे, अ‍ॅलर्जीसाठी त्वचारोगतज्ज्ञांत प्रसिद्ध आहेत. गडद निळ्या आणि काळ्या कपड्यांत ते असू शकतात. ही अ‍ॅलर्जी ओळखण्याची एक खूण आहे. कपडा जिथे घासतो तिथे पुरळ येते, म्हणजे काखेच्या कडेला, मानेला, कमरेला. काखेचा खोलगट मध्यभाग मात्र बऱ्याचदा स्वच्छ राहतो, कारण तिथे कापड घासत नाही. काखेच्या अगदी मध्यभागीच पुरळ असेल तर संशय कपड्यापेक्षा अंगाला फवारायच्या सुगंधी द्रव्यावर जातो.

तिसरे गजकर्ण, ज्याला आपल्याकडे गचकरण किंवा नायटा म्हणतात. हा बुरशीचा संसर्ग आहे. गोल चट्टा, कडा उठावदार, मध्य त्यामानाने निवळलेला. टी-शर्टामुळे बुरशी जन्माला येत नाही. ती दुसऱ्याच्या अंगावरून, टॉवेलावरून, अंथरुणावरून, कपड्यावरून येते. पण दमट, घट्ट कपड्याखाली तिला हवे तसे रान मिळते. माझ्या त्या तरुणाला हेच झाले होते, आणि त्याच्याबरोबर त्याच्या आईलाही.

पडद्यावर काय वाचावे

आता मुख्य प्रश्न. कापडाला हात लावता येत नाही, मग पारखायचे कसे? फोटोवर जाऊ नका. फोटो दिव्यांच्या झोतात, टाचण्या लावून, नीट इस्त्री करून काढलेला असतो. फोटोच्या खाली बारीक अक्षरात जो तपशील असतो तो उघडा आणि पुढील गोष्टी पाहा.

१) कापडाचे नाव आणि टक्केवारी. '१०० टक्के कॉटन' असे स्पष्ट लिहिलेले असले तर ठीक. 'कॉटन ब्लेंड' म्हणजे मिश्रण. त्यात कापूस किती हे लिहिलेले नसेल तर तो कमीच आहे असे धरून चाला. 'कॉटन फील', 'कॉटन लाइक' म्हणजे कापसासारखे, अर्थात कापूस नव्हे. 'फोर वे लायक्रा', 'पॉली लायक्रा', 'ड्राय फिट' ही बहुतेक वेळा पॉलिस्टरचीच नावे असतात. वर मथळ्यात 'कॉटन' आणि खाली तपशिलात 'पॉलिस्टर' असाही प्रकार दिसतो. तपशील खरा मानावा.

२) जीएसएम. एक चौरस मीटर कापडाचे वजन किती ग्रॅम, त्याचा हा आकडा. टी-शर्टाचे कापड साधारण १४० ते २२० या दरम्यान असते. आकडा मोठा म्हणजे कापड जाड. जाड म्हणजे नेहमी चांगले असे नाही. आपल्या उन्हाळ्यात १४० ते १६० चे सुती कापड सुखाचे. वर्षभर वापरायला आणि टिकायला १८० च्या आसपासचे. २२० च्या पुढचे थंडीच्या दिवसांसाठी ठेवावे. आकडाच दिलेला नसेल तर विक्रेत्याला तो सांगायचा नाही, एवढे समजावे.

३) 'कोम्ब्ड' हा शब्द. सूत कातण्यापूर्वी कापूस विंचरून त्यातले आखूड तंतू काढून टाकलेले असतात. असे कापड मऊ राहते आणि त्यावर बोंडे कमी येतात. 'बायोवॉश' म्हणजे कापडावरची लव एन्झाइमने काढलेली. 'प्री-श्रंक' म्हणजे कापड शिवण्यापूर्वीच आटवून घेतलेले. विणीचे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून हा शब्द महत्त्वाचा.

४) माप. 'एम', 'एल' या अक्षरांवर विसंबू नका. प्रत्येकाचा 'एल' वेगळा असतो. आपल्या अंगाला नीट बसणारा जुना टी-शर्ट जमिनीवर पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेपने मोजा आणि दुप्पट करा. तो आकडा मापाच्या तक्त्याशी ताडून पाहा. अंगाच्या छातीपेक्षा कपडा तीन-चार इंच तरी सैल हवा. घट्ट कपडा जितका घासतो, तितकी कातडी सोलते.

५) छपाई. छातीभर मोठे रबरासारखे चित्र असेल तर तेवढ्या भागातून घाम बाहेर पडत नाही. ही छपाई बहुधा प्लॅस्टिकच्या शाईची असते. लहान बाळांना असे कपडे घेऊच नयेत. बाळे कपडा चोखतात आणि त्यांची कातडी पातळ असते.

६) रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकांची मते. पाच तारेवाली मते सोडून द्या. दोन आणि तीन तारेवाली वाचा, आणि 'धुतल्यावर', 'महिन्याभराने' असे शब्द असलेली शोधा. घरात साध्या उजेडात काढलेले गिऱ्हाइकांचे फोटो पाहा. खोट्या मतांचा सुळसुळाट इतका झाला, की भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली त्यासाठी आयएस १९००० हे मानक काढले. पण ते ऐच्छिक आहे, म्हणून डोळे आपलेच उघडे ठेवावेत.

७) भाव. इथे आपण शेतकऱ्यांनी हिशेब करावा, कारण कापूस आपल्याला कळतो. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी. सूतगिरणीतील आणि कापणीतील घट धरली तर त्यातून अंदाजे शंभर-सव्वाशे टी-शर्ट व्हावेत. म्हणजे एका टी-शर्टात पाऊण-एक किलो कापूस जातो. त्यावर कातणे, विणणे, रंगवणे, शिवणे, आणि तिरुपूर किंवा लुधियानापासून आपल्या दारापर्यंतचा वाहतूक खर्च. आता आपल्याला मिळालेला कापसाचा भाव आठवा आणि सव्वाशे रुपयांचा 'शुद्ध सुती' टी-शर्ट कसा परवडतो ते स्वतःच ठरवा. याचा अर्थ महाग ते चांगले असाही नाही. पुष्कळदा जास्तीचे पैसे छातीवरच्या चिन्हाचे असतात.

पार्सल आल्यावर घरची तपासणी

पार्सल फोडताना मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. परत करण्याची मुदत संपेपर्यंत लेबल तोडू नका, कपडा धुऊ नका. मी स्वतः या बाबतीत फसलो आहे. दोन वर्षांपूर्वी सकाळच्या फिरण्यासाठी 'प्युअर कॉटन' म्हणून दोन टी-शर्ट मागवले. आल्याबरोबर हौसेने लेबल तोडून अंगात घातले. संध्याकाळी आतली पट्टी वाचली तर ६५ टक्के पॉलिस्टर. परत करायला गेलो तर लेबल नाही म्हणून नकार आला. विक्रेत्याची लबाडी होती, पण उतावळेपणा माझा होता.

पहिल्यांदा आतली पट्टी वाचा आणि पडद्यावरच्या तपशिलाशी ताडून पाहा. मग वजन करा. मध्यम मापाच्या टी-शर्टाला जवळजवळ एक चौरस मीटर कापड लागते, थोडे कमीच. म्हणून त्याचे वजन जीएसएमच्या आकड्याच्या आसपास किंवा जरा कमी येते. १८० सांगितलेला टी-शर्ट किराणा दुकानाच्या काट्यावर ११० ग्रॅम भरला तर कुठेतरी पाणी मुरते आहे.

नंतर ट्यूबलाइटसमोर एकेरी कापड धरा. पलीकडचा हात स्पष्ट दिसत असेल तर कापड विरळ आहे. कापड हलक्या हाताने आडवे ताणून सोडा. ते पूर्ववत झाले तर वीण चांगली, पोक राहिला तर गुडघ्या-कोपरासारखे लवकर लोंबेल. बाजूची शिलाई सरळ खाली येते का पाहा. ती पोटाकडे वळलेली असेल तर धुतल्यावर आणखी पिळवटेल. पांढरा रुमाल ओला करून आतल्या बाजूला, शिलाईजवळ हलकेच घासा. रंग भरपूर उतरला तर तोच रंग घामाबरोबर कातडीवर उतरणार आहे.

जाळून पाहण्याची परीक्षा खात्रीची आहे, पण ती जपून करावी. आतल्या कडेचा सुटलेला कापडाचा धागा घ्या. शिलाईचा दोरा घेऊ नका, कारण सुती कपड्याची शिलाईही पुष्कळदा पॉलिस्टरच्या दोऱ्याने केलेली असते आणि त्यावरून चुकीचा निष्कर्ष निघेल. धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर काडी लावा. लेकरे लांब ठेवा. कापूस कागदासारखा जळतो, कागद जळल्याचा वास येतो आणि बोटांनी चुरगळणारी राखाडी राख पडते. पॉलिस्टर आधी आकसते, वितळते, आणि थंड झाल्यावर काळा टणक मणी उरतो. राख आणि मणी दोन्ही मिळाले तर कापड मिश्र आहे.

पाण्याच्या थेंबाने पारखण्याची पद्धत काही जण सांगतात. ती नव्या कपड्यावर फसवते. नव्या सुती कापडावरच्या मऊपणाच्या रसायनामुळे थेंब तसाच राहू शकतो, आणि प्रक्रिया केलेल्या पॉलिस्टरवर तो झटकन पसरतो.

अंगात घालण्यापूर्वी

कपडा ठेवायचा ठरला की पहिली गोष्ट, तो धुवा. सुरकुत्या पडू नयेत म्हणून काही सुती कपड्यांवर फॉर्मल्डिहाइडयुक्त राळेची प्रक्रिया केलेली असते. जास्तीचा रंगही कापडात असतो. शिवाय ऑनलाइन खरेदीत कोणीतरी आधी अंगात घालून परत पाठवलेला कपडाही आपल्याकडे येऊ शकतो. एका धुण्यात यातले बरेच निघून जाते. गडद कपडा पहिल्या वेळी वेगळा धुवावा.

रंगांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. काही अ‍ॅझो जातीच्या रंगांतून कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्ये सुटू शकतात, म्हणून जर्मनीने १९९० च्या दशकात त्यांवर बंदी आणली आणि भारत सरकारनेही १९९७ साली तसे पाऊल उचलले. बाळांच्या कपड्यांसाठी थोडी अधिक काळजी घ्यायची असेल तर लेबलावर 'ओको-टेक्स' हे चिन्ह शोधावे. १९९२ साली सुरू झालेल्या या तपासणीत तीन वर्षांखालील बाळांच्या कपड्यांसाठी सर्वांत कडक वर्ग आहे. चिन्ह न मिळाल्यास फिकट रंगाचा, छपाई नसलेला, धुतलेला सुती कपडा हे उत्तम.

फसवणूक झाली तर

गप्प बसू नका. केंद्र सरकारच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे मालाचा मूळ देश आणि परतीच्या अटी दाखवणे बंधनकारक आहे. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी दिल्लीला जायची गरज नाही.

गजकर्ण झाले असेल तर

आता त्या मेडिकलवरच्या ट्यूबविषयी. अशा पुष्कळ ट्यूबांमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर जोरकस स्टेरॉइड मिसळलेले असते. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते आणि माणसाला वाटते, बरे झाले. प्रत्यक्षात कातडीची प्रतिकारशक्ती दबलेली असते आणि बुरशी आत आरामात वाढत असते. ट्यूब बंद केली की चट्टा दुप्पट होऊन येतो. त्याचा गोल आकार बिघडतो, त्यामुळे डॉक्टरलाही ओळखणे अवघड जाते. महिनोन् महिने लावल्यास जांघेत, काखेत कातडी पातळ होऊन कायमचे वळ उठतात. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर आहे, पाळायचा आपण आहे.

गेल्या दहा वर्षांत आपल्या देशातील गजकर्ण पूर्वीसारखे राहिलेले नाही. २०२० साली जपानी संशोधकांनी भारतीय व नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे वेगळे नाव दिले. तिचे अनेक प्रकार नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला दाद देत नाहीत. म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणू नका. उपचार काही आठवड्यांचे असतात. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरने सांगितलेले दिवस पूर्ण करावेत. घरातल्या सर्व बाधितांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत, नाहीतर एकाचे बरे होते आणि दुसऱ्याकडून परत येते. गजकर्ण वारंवार होत असेल तर रक्तातील साखर जरूर तपासा. मधुमेह पहिल्यांदा असाच सापडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

कपड्यांची पथ्येही औषधाइतकीच महत्त्वाची. बाधित माणसाचे कपडे, टॉवेल, चादर वेगळे धुवावेत. बुरशी मारायला ६० अंशांच्या आसपासचे गरम पाणी लागते, म्हणजे हात घालवणार नाही इतके कडकडीत. त्यात कपडे भिजवावेत, कडक उन्हात उलटे करून वाळवावेत आणि गरम इस्त्री फिरवावी. इथेही सुती कपडा उपयोगी पडतो. तो गरम पाणी आणि गरम इस्त्री सोसतो, हलके पॉलिस्टर सोसत नाही. ओलसर कपडा कधीही अंगात घालू नये. भरतीच्या मुलांनी पळून आल्यावर गप्पा मारीत त्याच टी-शर्टात बसू नये. आधी आंघोळ, मग अंग कोरडे, मग दुसरा कपडा.

त्या तरुणाची ट्यूब मी बंद केली. त्याला आणि आईला एकाच दिवशी औषध सुरू केले. तीन आठवड्यांनी दोघे परत आले तेव्हा खाज थांबली होती, डाग अजून होते. औषध आणखी काही आठवडे घ्यायचे आहे हे मी बजावले. मुलाच्या अंगात फिकट राखाडी, सैल टी-शर्ट होता. मी विचारण्याआधीच त्याने कॉलर उलटून पट्टी दाखवली आणि म्हणाला, "शंभर टक्के आहे, साहेब. धागा जाळून बघितला."

त्याची आई हसून म्हणाली, "जाळायच्या नादात माझी ताटली काळी केली यानं."

ताटली घासून निघते. कातडीवरचे वळ निघत नाहीत. पुढच्या वेळी मोबाईलवर बोट दाबण्यापूर्वी खालची बारीक अक्षरे दोन मिनिटे वाचा, एवढेच सांगणे.